बोली, पाठ आणि वर्ग : पेण-रोहे परिसरातील मराठी अध्यापनाच्या नवोपक्रमांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी विषयाच्या प्राध्यापकांचे उजळणी वर्ग, चर्चासत्रे आणि अभ्यासक्रमविषयक कार्यशाळा यांमध्ये ‘अध्यापनातील नवोपक्रमांचे अनुभवकथन’ हा एक ठरलेला भाग असतो. कोणी एकांकिकेचे वर्गात नाट्यवाचन घडविलेले असते, कोणी कवीच्या आवाजातील ध्वनिफीत ऐकविलेली असते, तर कोणी विद्यार्थ्यांना गावोगावी पाठवून लोकगीते जमविलेली असतात. श्रोते दाद देतात, उपक्रम स्तुत्य ठरतो आणि पुढील वर्षी तोच उपक्रम दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतो. अनुभव सांगितला जातो. त्याचे ज्ञानात रूपांतर मात्र होत नाही. उपक्रम कोणत्या अडचणीतून जन्मला, विद्यार्थ्याच्या पाठवाचनात त्यामुळे नेमका कोणता बदल झाला आणि तो कोठे फसला, या तीन गोष्टी बहुधा कथनातून गळून पडतात.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या अशा अनुभवविनिमयाला संस्थात्मक रूप आले. या केंद्रांची नावे पुढे बदलत गेली. आज ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. अनुभवकथनाची पद्धत मात्र फारशी बदललेली दिसत नाही. याउलट मराठीतील बालशिक्षण आणि शालेय शिक्षण यांच्या क्षेत्रात अनुभवलेखनाची समृद्ध परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले व पुढे कोसबाडला स्थिरावलेले कार्य, किंवा लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेली ‘सृजन आनंद विद्यालय’ ही शाळा, या प्रयोगांची माहिती वाचकाला त्यांच्या लेखनातून तपशिलाने मिळते. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाचे मोल कार्यअहवालाहून वेगळे आहे, ते याच कारणाने. महाविद्यालयीन स्तरावरील मराठीच्या अध्यापनाबाबत असे लेखन तुलनेने विरळ आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या संदर्भात तपासावयाचा आहे. या परिसरात मराठीच्या वर्गात कोणता उपक्रम ‘नवा’ म्हणावा आणि त्याचा अनुभव कसा नोंदवावा, हे त्यातील दोन मुख्य मुद्दे होत.

२. परिसर आणि वर्गातील मौन

पेण तालुक्याच्या पश्चिमेस खाड्या आणि खारभूमी, तर पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या आहेत. खारेपाटात आगरी बोलणारी गावे आहेत, तर डोंगराकडे कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. रोहे तालुका कुंडलिकेच्या खोऱ्यात वसलेला आहे. तेथे कुणबी, आगरी, कोळी आणि आदिवासी बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात; शिवाय धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे देशावरून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची भर पडलेली आहे. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय असो वा चिंतामणराव देशमुखांचे नाव धारण करणारे रोह्याचे महाविद्यालय असो, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असणाऱ्या अशा महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गात या सर्व बोली एकाच बाकावर येऊन बसतात.

या बोली अभ्यासकांना अपरिचित नाहीत. ग्रिअर्सनच्या ‘भारतीय भाषांचे सर्वेक्षण’ या ग्रंथमालेच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणपट्टीतील आगरी, कोळी, कातकरी यांसारख्या बोलींची दखल घेतलेली आहे. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत महाडच्या कुणबी बोलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र-खंड २०१३ मध्ये आला. म्हणजे ग्रंथालयात या बोलींना स्थान मिळून एका शतकाहून अधिक काळ लोटला आहे. वर्गात त्यांना काय स्थान आहे, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

ग्रामीण महाविद्यालयात शिकविणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार ऐकू येते : विद्यार्थी वर्गात बोलत नाहीत. वर्गाबाहेर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात भरभरून बोलणारा विद्यार्थी वर्गात आल्यावर मूक होतो. या मौनाचे स्पष्टीकरण बहुधा ‘वाचन नाही’, ‘आत्मविश्वास नाही’ असे केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण अपुरे आहे. तोंड उघडताच पहिल्याच वाक्यातील ‘पानी’ किंवा ‘शाला’ ऐकून वर्ग हसतो, हे त्याने शाळेत असतानाच शिकून घेतलेले असते. मराठीच्या वर्गात मराठीच बोलण्याची भीती वाटावी, हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे. पदवीला मराठी घेणारा विद्यार्थी तीन वर्षांनी बाहेर पडताना स्वतःच्या घरच्या भाषेविषयी अधिक जाणता होतो की अधिक लाजरा, यावर या अध्यापनाचे यशापयश ठरते.

३. चुकांच्या यादीकडून नियमाकडे

यावरचा पहिला उपक्रम अगदी साधा आहे आणि त्याला कोणतेही साधन लागत नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील लेखनदोष अध्यापक लाल शाईने दाखवितो. तेच दोष फळ्यावर दोन रकान्यांत मांडावयाचे : एका बाजूला प्रमाण रूप, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्याने लिहिलेले रूप. शाळा–शाला, काळा–काला, पाणी–पानी, आणि–आनि. दहापंधरा जोड्या झाल्या की वर्गालाच दिसू लागते की या चुका विस्कळीत नाहीत. आगरीत सामान्यतः ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो; दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘र’ होऊन घोड्याचा ‘घोरा’ होतो. जे अडाणीपणाचे लक्षण म्हणून हिणविले जात होते, ते ध्वनिनियमाचे उदाहरण ठरते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत ‘ध्वनिपरिवर्तन’ या प्रकरणाखाली जी व्याख्या पाठ केली जाते, तिचा पुरावा विद्यार्थ्याच्याच वहीत सापडतो.

येथे एक भ्रम टाळावयास हवा. नियम सापडला म्हणजे लेखन सुधारले असे होत नाही. ज्याच्या बोलीत ‘ळ’ आणि ‘ल’ या दोहोंसाठी एकच ध्वनी आहे, त्याला ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळ’ आणि ‘काल’, ‘मण’ आणि ‘मन’ यांतील भेद कानाने सापडत नाही; तो शब्दागणिक शिकावा लागतो. म्हणूनच नुसत्या लाल शाईचा उपयोग होत नाही. उलट सतत टोकल्या गेलेल्या विद्यार्थ्याकडून अतिदक्षतेपोटी नवी चूक होते : जेथे ‘न’ हवा तेथेही तो ‘ण’ लिहू लागतो. ही अतिशुद्धी आळसातून आलेली नसते. नियमाच्या शोधात तो चुकीच्या दिशेने गेलेला असतो. अध्यापकाला हे कळले तर सुधारणेची रीत बदलते. अर्थभेद करणाऱ्या जोड्यांचा सराव आणि मोठ्याने वाचन यांवर भर येतो.

या उपक्रमाने प्रमाणभाषेची गरज नाकारली जात नाही. स्पर्धापरीक्षा, न्यायालयातील अर्ज, वृत्तपत्रातील नोकरी या सर्व ठिकाणी प्रमाण मराठीच लागते आणि ती न शिकविणे हा त्या विद्यार्थ्यावर अन्यायच होईल. फरक इतकाच की, ‘तुझे चुकते’ या वाक्याऐवजी ‘तुझ्या बोलीत असे आहे, लेखी मराठीत असे आहे’ हे वाक्य येते.

४. महदाइसेचे धवळे आणि आगरी धवले

दुसरा उपक्रम मध्ययुगीन साहित्याच्या अध्यापनाशी निगडित आहे. महदाइसा किंवा महदंबा ही मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने तिने धवळे गाइले. कृष्ण-रुक्मिणीचा विवाह हा त्यांचा विषय. पदव्युत्तर वर्गात या रचनेविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साधारणतः ठरलेले असते : उत्कट भक्ती, स्त्रीसुलभ भावना, गेयता, साधी भाषा. या चार विशेषणांपैकी एकही विद्यार्थ्याने प्रत्यक्ष अनुभवलेले नसते.

पेण-रोहे परिसरातील स्थिती याहून निराळी असू शकते, कारण धवले हा तेथे अजून कानावर असलेला प्रकार आहे. आगरी समाजाच्या विवाहात धवलारीण धवले गाते आणि त्या गाण्यांच्या ओघात विवाहाचे विधी पुढे सरकतात. ‘धवळे’ आणि ‘धवले’ या दोन नावांतील अंतर वरच्या विभागात पाहिलेल्या ध्वनिनियमाचेच आहे, हेही विद्यार्थ्याच्या लगेच ध्यानात येते. अशा वर्गात महदाइसेचा पाठ शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना काही प्रश्न देऊन घरी पाठविता येते. धवला कोण गातो, कोणाला उद्देशून गातो? कोणत्या विधीच्या वेळी कोणता धवला येतो? कोणत्या ओळी परत परत येतात आणि त्या वेळी इतर स्त्रिया काय करतात? गाताना विसर पडला तर काय होते? उत्तरे घेऊन आलेला विद्यार्थी महदाइसेचा पाठ वाचतो तेव्हा त्याला पुनरावृत्तीचे कार्य कळते. ‘गेयता’ हा शब्द विशेषण न राहता रचनेचा गुण म्हणून उलगडतो. छापील पाठातून काय हरवले आहे, हेही तो विचारू लागतो. शिवाय त्या तासापुरता जाणकार बदलतो. जिच्या घरी आजी किंवा मावशी धवलारीण आहे, ती मागच्या बाकावरील विद्यार्थिनी प्राध्यापकापेक्षा अधिक सांगू शकते.

मात्र येथे संशोधनाची शिस्त सुटता कामा नये. नामसाम्यावरून तेराव्या शतकातील महदाइसा आणि आजची धवलारीण यांच्यात अखंड परंपरा सिद्ध होत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात धवल हा प्रबंधप्रकार ओवी, मंगल यांच्या सोबतीने येतो. म्हणजे हे नाव त्या काळात एका पंथापुरते वा एका प्रदेशापुरते मर्यादित नव्हते. समान नाव, समान प्रसंग आणि भिन्न प्रदेश यांवरून कोणते निष्कर्ष काढता येतात व कोणते येत नाहीत, हा प्रश्नच पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीचा उत्तम धडा देतो. उपक्रमाचे यश गोळा केलेल्या गीतांच्या संख्येवर मोजू नये. विद्यार्थ्याने निष्कर्षाला घातलेली मर्यादा हे त्याचे खरे माप होय.

५. एक श्लोक, अनेक मराठी

तिसरा उपक्रम भाषांतराचा आहे आणि रोह्याशी त्याचा एक नैसर्गिक दुवा जुळतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ या काळातील केंद्रीय अर्थमंत्री आणि १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेले चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. त्यांची ही ओळख सर्वांना असते; पण त्यांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवाद केला होता, हे त्यांच्या नावाच्या महाविद्यालयाच्या पंचक्रोशीतील विद्यार्थ्यांनाही सांगावे लागते. ‘मेघदूता’चे मराठी अनुवाद कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर आणि शान्ता शेळके यांनीही केले आहेत. पूर्वमेघातील एकच श्लोक घेऊन हे अनुवाद शेजारी शेजारी ठेवले, तर कोणी वृत्त राखले, कोणी सोडले, कोणी समास फोडला, कोणी संस्कृत शब्द तसाच ठेवला, याची नोंद विद्यार्थी स्वतः करू शकतो. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत काय मावते आणि काय मावत नाही, हे त्याला व्याख्येवाचून कळते.

यापुढची पायरी महत्त्वाची आहे. त्याच श्लोकाचा आशय विद्यार्थ्याने आपल्या बोलीत सांगावयाचा. भातशेतीच्या प्रदेशातील विद्यार्थ्याजवळ पावसाची भाषा कमी नसते. मळभ, झड, पागोळ्या, राब, आवण हे शब्द त्याच्या रोजच्या वापरातले असतात. त्यांपैकी कोणता शब्द यक्षाच्या तोंडी शोभेल आणि कोणता नाही, यावर वर्गात वाद होतो, तेव्हा शैलीविचाराला सुरुवात होते. आगरीतला मेघ हास्यास्पद वाटतो काय, आणि वाटत असेल तर का, हा प्रश्न टाळू नये. हसू शब्दाला येते की बोलणाऱ्याच्या समाजस्थानाला, याचा शोध घेणे हाही साहित्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

६. गागोद्याचा धडा : नोंद कोणी ठेवावी?

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. त्यांच्या दोन ग्रंथांच्या निर्मितीची कथा प्रस्तुत विषयाला थेट लागू पडते. संस्कृत न जाणणाऱ्या आईला गीता समजावी, ही ‘गीताई’मागील मूळ प्रेरणा. आईच्या हयातीत ते घडले नाही; ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात ‘गीताई’ रचली गेली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचा पूर्वसंकेत आहे. केशिराजबासांनी संस्कृतात लिहू नये, कारण त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, अशी नागदेवाचार्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. सहा शतकांहून अधिक अंतरावरील या दोन्ही प्रसंगांत प्रश्न एकच आहे : शिकणाऱ्याची भाषा कोणती? पेणच्या वर्गातील कातकरी विद्यार्थ्याच्या संदर्भात हाच प्रश्न आज मराठीला विचारावा लागतो. ज्या मराठीने संस्कृतापुढे लोकभाषेचा हक्क मांडला, तीच त्याच्यापुढे आता संस्कृताच्या जागी उभी आहे.

दुसरा ग्रंथ ‘गीता प्रवचने’. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबांनी एकेका अध्यायावर प्रवचन दिले. ही अठरा प्रवचने आज उपलब्ध आहेत, ती श्रोत्यांत बसलेल्या साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून. वक्त्याने आपला अनुभव मागाहून सांगितलेला नाही. ऐकणाऱ्याने त्याच वेळी नोंद ठेवलेली आहे. नवोपक्रमांच्या अनुभवकथनात नेमकी हीच बाजू उणी असते. प्राध्यापक सांगतो ते ‘मी काय केले’ एवढेच. विद्यार्थ्याने काय ऐकले याचा पुरावा नसतो. प्रत्येक तासाला पाळीपाळीने एका विद्यार्थ्याने टिपण ठेवावे, त्यात विचारलेले प्रश्न, न सुटलेले प्रश्न आणि हशा पिकलेल्या जागाही याव्यात आणि असे टिपण अनुभवकथनासोबत जोडले जावे, एवढा एक संकेत रूढ झाला तरी चर्चासत्रांतील कथनाचे स्वरूप बदलेल. उपक्रमापूर्वी आणि उपक्रमानंतर त्याच विद्यार्थ्याने त्याच पाठावर लिहिलेला एकेक परिच्छेद जोडला, तर तुलनेला आधार मिळेल.

७. मर्यादा आणि धोके

या उपक्रमांवर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला परीक्षेचा. सत्राचा काळ अपुरा, अभ्यासक्रम निश्चित आणि प्रश्नपत्रिका पाठ्यकृतीवर. अशा स्थितीत बोलीला वेळ कोठून आणावा? याचे उत्तर असे की, वर मांडलेले तिन्ही उपक्रम अभ्यासक्रमातील घटकांना धरूनच आहेत. त्यांसाठी वेगळा तास लागत नाही, तासाची मांडणी बदलावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी-आराखड्यात क्षेत्रप्रकल्पालाही श्रेयांक आहेत. धवल्यांसारखे काम तेथे रीतसर बसू शकते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बोलीचा गौरव करताना विद्यार्थी नमुना बनण्याचा धोका असतो. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. वर्गात त्या समाजाचा एखादाच विद्यार्थी असताना त्याला सर्वांसमोर ‘तुमच्या बोलीत बोलून दाखव’ असे म्हणणे हा उपक्रम नव्हे, प्रदर्शन आहे. बोलावे की नाही, याची निवड त्याची असली पाहिजे. काही विद्यार्थ्यांना घरची बोली मागे टाकावीशी वाटते. त्यांच्या या इच्छेमागे अनुभव असतो आणि तोही ऐकून घ्यावा लागतो. धवलारणीकडून गीते घेताना तिची संमती, तिचा नामनिर्देश आणि उतरविलेल्या गीतांची प्रत तिला परत देणे ही किमान बंधने पाळली गेली पाहिजेत. अन्यथा श्रेयांक विद्यार्थ्याला, निबंध प्राध्यापकाला आणि गाणारीला काहीच नाही, असा व्यवहार होतो.

तिसरी मर्यादा अध्यापकाची स्वतःची आहे. बदली वा नेमणूक होऊन आलेल्या प्राध्यापकाला परिसराची बोली येत नसते. हे न्यून मान्य केले तर ते उपयोगी पडते, कारण ज्याला उत्तर माहीत नाही त्याचाच प्रश्न खरा असतो.

८. समारोप

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा विपुल झाली. तथापि, भाषेचे प्राचीनत्व ज्या पुराव्यांनी सिद्ध होते, त्यांतील काही रूपे आज बोलींच्या आश्रयाने उच्चारली जातात आणि ती उच्चारणारी मुले मराठीच्या वर्गात गप्प बसतात, ही विसंगती लक्षात घेतली पाहिजे.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मराठीच्या अध्यापनातील नवोपक्रमाचे नवेपण साधनात नसते. वर्गात कोणाला बोलता आले आणि त्यामुळे पाठ किती वेगळा वाचला गेला, यात ते असते. त्याचा अनुभव सांगताना मूळ अडचण, विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष लेखन, फसलेला भाग आणि ज्या परिस्थितीत हे घडले ती परिस्थिती, या चार गोष्टी आल्या, तर पेणच्या वर्गातील काम रोह्याच्या प्राध्यापकाला पुढे नेता येईल. तसे झाले तर दरवर्षी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.